शिळं पाणी

ससा नको, हेमंत म्हणाला, वायरी कुरतडतो.
पोपट पाळणं गुन्हा आहे, चांदण्यांचं कासवही.
बाबा तुरुंगात गेलेला चालेल?
ओजसने नीट विचार केला.
"किती दिवस?"

कुत्र्यांबद्दलची नोटीस जिन्याखाली आधीच लागलेली,
खाली तावड्यांची सही, सहीखाली दोन रेघा.
हॅमस्टर रात्रभर चाक फिरवतो म्हणे,
आणि आमची झोपायची खोली म्हणजे
टेबल मिटल्यावरची जेवायची खोली.

उरला मासा.
आमच्याकडे मासा शुक्रवारी येतो,
हळद-मीठ लावून ताटलीत थांबतो.
मृण्मयीने विचारलं, या दोघांना
एकमेकांबद्दल कळेल का?
मी म्हटलं, फ्रिजचं दार लावून ठेवू.

पण आधी सराव. आठ दिवस.
लोणच्याची काचेची बरणी तीनदा घासली
तरी मोहरीचा वास राहिलाच.
भरलेल्या बरणीचं पाणी रोज बदलायचं,
काचेवर टकटक करायची नाही,
चिमूटभर खाणं टाकल्यासारखं करायचं,
चिमूटभर म्हणजे चिमूटभर.
जमलं तर बघू.
आईचं "बघू" म्हणजे काय ते मृण्मयीला ठाऊक आहे,
ओजसला अजून नाही.

खरं तर मीच वेळ काढत होते.
मी चौथीत असताना शाळेच्या फाटकाशी
गुलाबी रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं मिळायची.
एक आणलं होतं मी, चपलांच्या खोक्यात, कापसावर.
तिसऱ्या दिवशी खोकं
हलकं झालं नव्हतं,
नुसतं गप्प होतं.
त्याच्या आईकडे गेलं, असं आई म्हणाली,
आणि खोकं घेऊन खाली उतरली.
पुढे बरेच दिवस माझ्या बोटांवर गुलाबी होतं,
किंवा मला तसं वाटायचं.

चौथ्या रात्री तहान लागून उठले
तर ओट्यापाशी स्टुलावर ओजस,
अंधारात, बरणीला नाक लावून.
"झोप आता," पाण्याला सांगत होता,
"बाबा घोरतोय. रागावला नाहीये तो."

मी तहानलेलीच परत जाऊन पडले.

रविवारी बसने कुर्ल्याला गेलो.
दोरीला टांगलेल्या पिशव्या,
एकेकीत अर्धा पेला तळं.
हेमंत भाव करत होता जणू सरंगा घेतोय,
कल्ले उचलून बघायचेच काय ते बाकी.
मृण्मयीने निळा फायटर निवडला,
शेपटी एका बाजूने फाटकी.
दुसरा घे बाळा, दुकानदार म्हणाला, त्याच भावात.
नको, ती म्हणाली, याने मला आधी पाहिलं.
"आणि ताई, नळाचं पाणी लगेच घालू नका,
एक दिवस शिळं होऊ द्या."
"आहे आमच्याकडे," ओजस म्हणाला,
"कालचंच आहे. आज कुणी बदललं नाही."

घरी आल्यावर पिशवी बरणीवर धरली
तर त्याने माझं मनगट पकडलं.
आधी त्याला विचार.
कुणाला?
जो राहतो त्याला.

हेमंत हसला.
मला हसू आलं नाही.
वाकले, बरणीच्या तोंडाशी तोंड नेलं
आणि विचारलं,
चांगलं आपण पाहुण्याबद्दल विचारतो तसं,
अडचण तर नाही ना होणार?
मोहरीचा वास आला.
कुणी बोलेना.
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"हो म्हणाला," ओजसने सांगितलं.
"पण खालची जागा त्याची."

फायटर सोडला.
तो वरच राहतो, पाण्याच्या वरच्या चार बोटांत,
कुणी सांगितल्यासारखा.
फाटकी शेपटी भरून येतेय, मृण्मयी म्हणते.
मला अजून तेवढी दिसत नाही.
पण हल्ली मी पोरांच्या आधी उठते,
दिवा न लावता ओट्यापाशी जाते,
आणि तो हलेपर्यंत
तिथेच उभी राहते.